अमेरिकेतल्या लॉन साइनवरचा ‘युनियन बग’: डिझायनरने टाकायचा की प्रेसने?

डीटीपी_सक्करदरा यांचा प्रश्न

न्यू जर्सीतल्या एका टाउनशिप कौन्सिलच्या उमेदवाराचं प्रचार साहित्य इकडे नागपुरात डिझाइन होऊन राहिलं आहे. मतदान नोव्हेंबरात. माल असा:

लॉन साइन (घरापुढच्या हिरवळीत रोवायची प्रचाराची पाटी) १८ × २४ इंच, दोन्ही बाजू, ५०० नग, तारेच्या स्टँडसकट. पाम कार्ड (हातोहात वाटायचं) ४ × ९ इंच, ५,००० प्रती. पोस्टाने जाणारं कार्ड ६ × ११ इंच, ८,००० प्रती.

पहिलं प्रूफ परत आलं, शेरा एकच: ‘बग कुठे आहे? प्रत्येक नगावर युनियन बग पाहिजेच.’ शोधल्यावर कळलं की तो छापखान्यातल्या कामगार संघटनेचा बारीकसा शिक्का असतो. आता प्रश्न:

१. गूगलवर बरेच बग दिसतात. त्यातला एखादा कोरलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) ट्रेस करून टाकला तर चालेल का? साइज किती?

२. खाली ‘पेड फॉर बाय’ अशी ओळ मागितली आहे. ती म्हणजे आपली मुद्रक-प्रकाशकाची ओळच का?

३. लॉन साइन म्हणजे आपलं सनपॅक दिसतं. फाइल आपल्या पद्धतीनेच बनवायची की काही वेगळं?

४. उमेदवाराचे नातेवाईक विचारून राहिले की सगळं नागपुरातच छापून पाठवलं तर स्वस्त पडेल का, आणि मग बगचं काय करायचं?

---

प्रेसलाइन यांचं उत्तर

ट्रेस करायचं आधी डोक्यातून काढा, बाप्पा. बग हा डिझाइनचा भाग नाही, ती प्रेसने दिलेली ग्वाही आहे. ‘हा कागद ज्या शॉपमध्ये छापला तिथल्या कामगारांची संघटना आहे, मालकाशी त्यांचा सामूहिक करार आहे आणि या करारानुसार हे काम झालं आहे’, एवढं सगळं तो शिक्का सांगतो. ही गोष्ट फाइल बनवणाऱ्याला माहीत असूच शकत नाही, म्हणून बग त्याने टाकायचाच नाही.

शिक्का मोठा करून पाहा. जुन्या पद्धतीच्या लंबगोल शिक्क्यात ‘अलाइड प्रिंटिंग ट्रेड्स कौन्सिल’ अशी अक्षरं, शहराचं नाव आणि एक नंबर असतो. तो नंबर त्या विशिष्ट शॉपचा. म्हणजे गूगलवरचा बग ट्रेस केला की भलत्याच प्रेसचा नंबर तुमच्या मालावर आला. दुसऱ्याचा जीएसटी नंबर आपल्या बिलावर छापण्यासारखं झालं ते. शिवाय हे शिक्के नोंदणीकृत ट्रेडमार्क आहेत आणि तिकडच्या बऱ्याच राज्यांत संघटनेच्या खुणेची नक्कल हा वेगळा गुन्हा आहे. पकडलं कोण जाईल? उमेदवार. आणि पकडणारे असतातच, विरोधकांची माणसं साइनवरचा बग भिंग लावून वाचतात.

बग एकाच प्रकारचा नसतो, त्यामुळे ‘खरा कोणता’ हा प्रश्न तुमच्याप्रमाणे बऱ्याच जणांना पडतो. टाइप जुळवणाऱ्यांची जुनी संघटना, इंटरनॅशनल टायपोग्राफिकल युनियन, १९८७ मध्ये कम्युनिकेशन्स वर्कर्स ऑफ अमेरिकेत विलीन झाली. ग्राफिक कम्युनिकेशन्सवाले, म्हणजे छपाई कामगारांची दुसरी संघटना, २००५ मध्ये टीमस्टर्स या मोठ्या संघटनेत गेले. साइन-बोर्ड बनवणाऱ्या शॉपमध्ये रंगाऱ्यांच्या संघटनेचाही शिक्का असू शकतो. म्हणून पाम कार्डावर एक आणि लॉन साइनवर दुसराच बग आला तरी गडबडून जाऊ नका. दोन वेगळी शॉप असतील तर तसंच येणार.

तुमचं काम जागा सोडणं एवढंच. लॉन साइनवर खालच्या कोपऱ्यात साधारण १ इंच रुंद, अर्धा इंच उंच. पाम कार्डावर ३/८ इंचाचा चौकोन पुरतो. त्या जागेत मागे फोटो नको, ग्रेडियंट नको, पॅटर्न नको. सपाट एक रंग ठेवा, म्हणजे प्रेसला बग काळा किंवा पांढरा कोणताही टाकता येईल. कडेपासून अर्धा इंच आत. फाइलमध्ये त्या जागी मजेंटा रंगाची रिकामी चौकट वेगळ्या लेयरवर ठेवून लेयरला ‘बग, प्रेसने टाकणे’ असं नाव द्या, इंग्रजीत. चौकट नॉन-प्रिंटिंग करायला विसरू नका. विसरलात तर ५०० साइनवर गुलाबी डबा छापून येतो.

काही प्रेस ऑर्डर पक्की झाल्यावर स्वतःचा बग वेक्टर फाइलमध्ये पाठवतात आणि तुम्हालाच बसवायला सांगतात. तो ताणायचा नाही, तिरपा करायचा नाही, आउटलाइन द्यायची नाही, आणि त्या प्रेसच्या कामापलीकडे कुठेही वापरायचा नाही. आपल्याकडे जुन्या फोल्डरमधून लोगो उचलून चिकटवायची सवय असते, ती इथे महागात पडते.

शॉप पक्कं करताना उमेदवाराच्या माणसाला या तीन गोष्टी कोटेशनवरच लिहून घ्यायला सांगा: शॉपचं नाव, संघटनेच्या ‘लोकल’चा, म्हणजे स्थानिक शाखेचा, क्रमांक, बगमधला नंबर. तिकडे ऑनलाइन ऑर्डर घेणारे बरेच जण मधले दलाल असतात. काम बाहेरून करून घेतात. बाहेरचं शॉप युनियनचं नसेल तर दलालाने बग लावलाच नाही पाहिजे. आणि बऱ्याचदा ‘युनियन हवं’ हे ऑर्डर देताना बोललंच जात नाही, माल आल्यावर आठवतं. छापून झालेल्या मालावर बग नंतर चढवता येत नाही. स्टिकर लावायचा विचारही करू नका.

प्रश्न ४ चं उत्तर यातच आलं. नागपुरात छापलेल्या मालावर तिकडचा बग येऊ शकत नाही. इथल्या प्रेसमधली पोरं नोंदणीकृत कामगार संघटनेत असली तरी नाही, कारण करार त्या शॉपचा नाही. आणि स्वस्तही पडत नाही. ४ मिमीचे ५०० बोर्ड एकावर एक ठेवले तर थप्पीच २ मीटर होते. विमानाने पाठवायचं तर भाडंच मालाच्या वर जाईल, जहाजाने पाठवायचं तर निवडणूक होऊन जाईल.

---

रंग_पक्का यांचं उत्तर

एवढी झंझट काऊन करायची? खाली बारीक अक्षरात ‘युनियन प्रिंटेड’ असं लिहून टाका. तिकडच्या काही साहित्यावर नुसती अक्षरं पाहिली आहेत.

---

प्रेसलाइन

नका. नुसत्या अक्षरांमागे नंबर नाही, म्हणजे तपासायची सोय नाही, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं आहे त्या संघटनांचे लोक ते मानत नाहीत. तुम्ही जी अक्षरं पाहिली ती बहुधा ‘लेबर डोनेटेड’ असावीत. ती वेगळी गोष्ट आहे. संघटनेच्या सभासदांनी पगार न घेता स्वतः छापून दिलेल्या कागदावर तसं लिहितात. पैसे देऊन छापलेल्या ५०० साइनवर तसं लिहिणं खोटं ठरेल.

असाच एक गमतीचा प्रकार: तिकडच्या संघटनांच्या ऑफिसमधून येणाऱ्या पत्राच्या तळाशी टाइप करणाऱ्याच्या आद्याक्षरांपुढे ‘ओपीईआययू’ आणि एक नंबर असतो. ती कारकुनांची संघटना. म्हणजे पत्र टाइप करणारासुद्धा आपला बग सोडत नाही. उमेदवाराला एखाद्या संघटनेने पाठिंब्याचं पत्र दिलं आणि ते मेलरवर (पोस्टाने जाणाऱ्या कार्डावर) छापायचं असेल तर ती ओळ ‘कचरा’ समजून क्रॉप करू नका.

---

उभी_पन्हळ यांचं उत्तर

लॉन साइनबद्दल मी सांगतो, कारण नव्या माणसाचा घोळ तिथेच होतो.

हो, ते आपलं सनपॅकच, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची पोकळ पन्हळी शीट, ४ मिमी. सनबोर्ड नव्हे. तिकडे त्याला कोरोप्लास्ट म्हणतात, आपण फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं. आपल्याकडे सनपॅक खांबाला तारेने बांधतो किंवा पट्टीवर खिळ्याने ठोकतो, त्यामुळे पन्हळ आडवी की उभी याकडे कोणी पाहत नाही. तिकडे बोर्ड हिरवळीत उभा राहतो तो ‘एच-स्टेक’वर. ही इंग्रजी एच आकाराची तार, साधारण १० इंच रुंद आणि ३० इंच उंच. तिची वरची दोन टोकं बोर्डाच्या खालच्या कडेतून पन्हळीच्या भोकांत सरकवायची आणि खालची दोन जमिनीत रोवायची. पन्हळ आडवी कापली तर खालच्या कडेला भोकंच नसतात. तार जाणार कुठे? मग स्वयंसेवक बोर्डाला भोसकतात आणि पहिल्या वाऱ्यात बोर्ड फाटतो.

आता हिशेब पाहा. शीट ४ × ८ फुटांची, म्हणजे ४८ × ९६ इंच, पन्हळ सहसा ९६ इंचांच्या बाजूने. बोर्ड आडवा ठेवला, २४ रुंद आणि १८ उंच, तर ४८ मध्ये २४ चे दोन आणि ९६ मध्ये १८ चे पाच. एका शीटमध्ये १० बोर्ड, पन्हळ उभी, राहिलेली पट्टी ६ इंचांची. हाच बोर्ड उभा केला, १८ रुंद आणि २४ उंच, तर पन्हळ उभी राखून ४८ मध्ये १८ चे दोनच बसतात आणि ९६ मध्ये २४ चे चार. एकूण ८. म्हणजे ५०० बोर्डांना ५० शीटऐवजी ६३ शीट. उभा बोर्ड हवा असेल तर ही किंमत सांगून मग विचारा. आणि ऑर्डरवर ‘पन्हळ उभी’ हे शब्द असलेच पाहिजेत, नाहीतर जागा वाचवण्यासाठी कापणारा शीट फिरवतो.

छपाई. ५०० नग आणि एक-दोन रंग असतील तर प्रेस स्क्रीन प्रिंट करते. प्रत्येक रंगाची वेगळी जाळी, प्रत्येक बाजूचा वेगळा पास. फोटो आणि ग्रेडियंट आले की काम यूव्ही डिजिटलवर जातं आणि नगाचा दर चढतो. आपल्याकडच्या फ्लेक्सची सवय घेऊन कोणी तिकडे गेलं, म्हणजे उमेदवाराचा हात जोडलेला फोटो, मागे तीन नेते, सोनेरी अक्षरांना सावली, की लॉन साइन वाया गेली म्हणून समजा. तो बोर्ड चालत्या गाडीतून दिसतो. ढोबळ हिशेब असा की १ इंच उंचीचं अक्षर १० फुटांवरून आरामात वाचता येतं. समजा आडनाव इंग्रजीत नऊ अक्षरांचं आहे. दोन्ही कडांना १-१ इंच सोडून २२ इंच उरले, म्हणजे एका अक्षराला जेमतेम अडीच इंच. जाड साध्या टाइपात अक्षराची उंची साडेतीन इंचांच्या आसपास येते. ३५ फुटांवरून नीट दिसेल, रस्त्याच्या पलीकडून. पहिलं नावही त्याच ओळीत घुसवलंत तर उंची निम्मी. म्हणून आडनाव मोठं, पहिलं नाव वर छोटं, खाली पद. मराठी माणसाला आडनावापुढे वडिलांचं नाव लिहायचा मोह होतो, तो आवरा.

कोरलमधून फाइल काढताना एवढं सांभाळा:

पान इंचात घ्या, ए४ वर काम करून नंतर स्केल करू नका. मूळ माप २४ × १८, ब्लीड (कापण्यासाठी मापाबाहेर सोडलेली छपाई) चारी बाजूंनी १/८ इंच, म्हणजे पीडीएफचं पान २४.२५ × १८.२५ इंच. मजकूर कडेपासून अर्धा इंच आत.

स्क्रीनसाठी रंग पँटोन (तयार शायांचा रंगतक्ता) कोटेड नंबरनेच द्या. पीडीएफ काढताना स्पॉट रंग (त्या रंगाची थेट एकच शाई) सीएमवायकेमध्ये (चार शायांच्या मिश्रणात) बदलायचा पर्याय बंद ठेवा. तो चालू राहिला तर दोन रंगांचं काम चार रंगांचं होऊन कोटेशन परत येतं. पांढरं म्हणजे बोर्डाचा रंग, त्याची वेगळी प्लेट नको.

दोन रंग एकमेकांना भिडत असतील तिथे ट्रॅप (मध्ये फट दिसू नये म्हणून कडा एकमेकांवर चढवणं) प्रेसला करू द्या, फक्त तसं लिहून ठेवा. तुम्ही केला आणि त्यांनीही केला तर कडेला काळपट रेघ उमटते.

सगळे फॉन्ट कर्व्हज, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून द्या. मेलरवर गुजराती किंवा हिंदीत एखादी ओळ टाकायची असेल तर विशेषकरून. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधली ओळ तिकडच्या मशीनवर उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, आणि प्रूफ पाहणाऱ्याला ती भाषाच येत नसल्यामुळे चूक कोणाच्या लक्षात येत नाही.

बारीक मजकुराचं एक. सनपॅकच्या पन्हळीच्या रेघा पृष्ठभागावर थोड्या उठून असतात. ‘पेड फॉर बाय’ची ओळ ८ पॉइंटमध्ये ठेवली तर स्क्रीनमध्ये अक्षरं भरून जातात. १८ पॉइंटच्या खाली जाऊ नका, पातळ टाइप वापरू नका. बगचंही तेच. आतला नंबर वाचता आला नाही तर तो असून नसल्यासारखा. दोन्ही बाजूंना बग टाकून मागा, रस्त्यावरून कोणती बाजू दिसेल ते सांगता येत नाही.

---

डीटीपी_सक्करदरा

पन्हळीचं कोणी सांगितलंच नव्हतं. धन्यवाद भाऊ. प्रश्न २ राहिला, आणि ६ × ११ च्या कार्डावर बग कुठे ठेवू? पत्त्याच्या बाजूला सगळी जागा पोस्टाने खाल्ली आहे.

---

बटवडा यांचं उत्तर

आधी ‘पेड फॉर बाय’. ती ओळ खर्च कोणी केला हे सांगते, छापलं कोणी हे नाही. म्हणून ती आपल्या मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीसारखी दिसली तरी काम वेगळं. नेमके शब्द राज्याच्या नियमाप्रमाणे ठरतात. न्यू जर्सीत खर्च करणाऱ्या कमिटीचं नाव आणि पत्ता लागतो, हिशेब ईएलईसी नावाचा आयोग पाहतो. ओळ तुम्ही रचू नका. उमेदवाराच्या खजिनदाराकडून ईमेलवर जशीच्या तशी मागवा आणि कॉपी-पेस्ट करा. कमिटीच्या नावात ‘फॉर’ आहे की ‘फ्रेंड्स ऑफ’, एवढ्या फरकानेही ओळ चुकते. बग आणि ही ओळ शेजारी ठेवायची प्रथा आहे, पण एक दुसऱ्याची जागा घेत नाही. दोन्ही लागतात.

आता कार्ड. ६ × ११ इंच हे तिकडच्या पोस्टाच्या ‘लेटर’ मापात बसतं (लेटरची मर्यादा ६ १/८ × ११ १/२ इंच). पत्त्याच्या बाजूला उजव्या खालच्या कोपऱ्यात ४ ३/४ इंच लांब आणि ५/८ इंच उंच पट्टी बारकोडसाठी पूर्ण रिकामी पाहिजे. त्यात काहीही आलं, अगदी बगसुद्धा, तर मशीन कोड नीट छापू किंवा वाचू शकत नाही आणि दर वाढतो. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, कारण डिझायनरला बगसाठी तोच कोपरा मोकळा दिसतो. बग डावीकडे वर, परतीच्या पत्त्याखाली ठेवा. नाहीतर चित्राच्या बाजूला खाली.

वर उजवीकडे तिकिटाऐवजी इंडिशिया नावाची चौकट येते. ती मेल हाऊसकडून (पत्ते घालून डाक पोस्टात देणाऱ्या कंपनीकडून) मागवा, त्यात त्यांचा परमिट नंबर असतो. घाऊक दरासाठी किमान २०० नग लागतात, तुमचे ८,००० आहेत, तेव्हा चिंता नाही. कागद पातळ नको: या मापाच्या कार्डाची जाडी निदान ०.००९ इंच हवी. १०० पाउंड कव्हर, म्हणजे आपल्या भाषेत २७० जीएसएम, घेतलं की प्रश्न मिटतो. पत्त्याच्या बाजूला यूव्ही कोटिंग देऊ नका, इंकजेटचा पत्ता त्यावर पुसला जातो.

मेल हाऊसला सांगा की थैल्यांना ‘टॅग ५७’ लावायचा. लाल रंगाचा, राजकीय प्रचाराच्या डाकेसाठी. त्याने जलद पोचायची हमी मिळत नाही, पण पोस्टातल्या माणसाला ढिगात प्रचाराची डाक कोणती ते दिसतं आणि ती पडून राहत नाही.

तारखांचा हिशेब नोव्हेंबरपासून उलटा करू नका. न्यू जर्सीत डाकेने मतदान करणाऱ्यांना मतपत्रिका मतदानाच्या ४५ दिवस आधीपासून जायला लागतात. म्हणजे सप्टेंबर संपायच्या आत पहिलं कार्ड घरात पडलं पाहिजे. युनियनच्या शॉपकडे त्या काळात रांग असते. प्रूफसाठी वेळेचा एक फायदा तुमच्याकडे आहे: त्या दिवसांत तिकडचं घड्याळ साडेनऊ तास मागे असतं. नागपुरात संध्याकाळी ७ ला पाठवलेली फाइल त्यांना सकाळी साडेनऊला मिळते. रात्री त्यांचे शेरे, सकाळी तुमची दुरुस्ती. एक दिवस हुकला की मात्र शनिवार-रविवार धरून तीन जातात.

---

रामदासपेठ_स्क्वेअरफूट यांचं उत्तर

विषय निघालाच आहे तर इकडचंही लिहितो, कारण डीटीपीवाले दोन्ही कामं एकाच टेबलावर करतात आणि इकडच्या ओळीबाबत निष्काळजी असतात.

आपल्याकडे बगसारखी कामगारांची खूण नाही, पण प्रेसची ग्वाही आहेच. लोकसभा-विधानसभेसाठी लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम १२७-क: पत्रक किंवा पोस्टरच्या दर्शनी बाजूवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता. प्रकाशकाने स्वतःच्या ओळखीचं घोषणापत्र सही करून, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षांकनासह, दोन प्रतींत प्रेसला द्यायचं. प्रेसने त्याची एक प्रत आणि छापलेल्या कागदाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवायची, राज्याच्या राजधानीत छापलं असेल तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे. मोडलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हाताने नक्कल सोडून प्रती काढायची कोणतीही पद्धत ‘छपाई’तच येते, म्हणजे ‘आमची तर फ्लेक्सची मशीन आहे, प्रेस नाही’ हे कारण चालत नाही. फक्त सभेची तारीख-वेळ-जागा सांगणारं पत्रक यातून सुटतं. त्यात ‘प्रचंड मतांनी विजयी करा’ घातलं की ते सुटत नाही.

मनपाची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे आयोगाचे स्वतःचे आदेश. आचारसंहिता लागली की निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातून त्या वेळच्या आदेशाची प्रत आणि दरपत्रक घेऊन या. मागच्या वेळची झेरॉक्स वापरू नका.

चुका नेहमीच्याच. सगळ्यात मोठी: जुनी फाइल उघडून नाव-फोटो बदलायचा आणि खाली मागच्या प्रेसचं नाव तसंच राहतं. उमेदवार मग ती फाइल तीन ठिकाणी छापतो. तिन्हीवर मुद्रक एकच, आणि त्या बिचाऱ्याने एकही छापलेलं नसतं. वर बगबद्दल जे सांगितलं तेच इथे लागू: मुद्रकाची ओळ फाइलमध्ये रिकामी ठेवा, छापणाऱ्यानेच भरायची. प्रतींचा आकडाही तसाच. फाइलमध्ये १,००० लिहून ५,००० छापले तर खर्चाच्या तपासणीत तोच कागद उमेदवाराच्या अंगावर येतो.

दुसरी: फ्लेक्सवर ओळ टाकतात पण कडेच्या पट्टीत, जी फ्रेमवर दुमडून खिळ्याखाली जाते. १० × ८ फुटांच्या फ्लेक्सला चारी बाजूंनी ३ इंच सोडून आत घ्या, अक्षरं निदान पाऊण इंच उंच.

तिसरी नागपूरची खास. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानात मनपाच्या १५१ जागा ३८ प्रभागांत होत्या, म्हणजे एक सोडून सगळे चौघांचे प्रभाग. मतदाराने चार मतं द्यायची असल्यामुळे पॅनेलच्या पत्रकावर नमुना मतपत्रिका छापायची पद्धत आहे. मतदान यंत्रावर ‘अ’ जागेची मतपत्रिका पांढरी, ‘ब’ फिकी गुलाबी, ‘क’ फिकी पिवळी, ‘ड’ फिकी निळी. पत्रकात पक्षाच्या रंगात चारही पट्ट्या रंगवल्या की म्हाताऱ्या माणसाचा केंद्रात गोंधळ होतो. १० टक्क्यांचे टिंट, म्हणजे फिक्या छटा, वापरा आणि गुलाबी-पिवळ्यातला फरक प्रूफवर उन्हात पाहा, ट्यूबलाइटखाली कळत नाही. चौघांचं एकत्र पत्रक असेल तर बिल कोणाच्या नावे किती ते प्लेट लावायच्या आधी लिहून घ्या. निकालानंतर चौघांपैकी पडलेला फोन उचलत नाही.

---

डीटीपी_सक्करदरा

बगची जागा आता गडद निळ्या पट्ट्यावर आहे. प्रेसकडून बग काळा आला तर दिसणार नाही. पांढरा चौकोन करून ठेवू का?

---

प्रेसलाइन

चौकोन नका करू, ठिगळ दिसतं. ‘बग निळ्यातून पांढरा काढावा’ एवढं ऑर्डरवर लिहा. एका रंगाच्या कामात तो असाच काढतात, नेहमीचं आहे त्यांच्यासाठी. फक्त पांढरा काढताना आतल्या अक्षरांत शाई भरते, म्हणून आकार काळ्यापेक्षा थोडा मोठा मागा.

अंतिम प्रूफ आलं की ४०० टक्के झूम करून बगमधला नंबर वाचा आणि कोटेशनवरच्या नंबराशी ताडून पाहा. जुळला नाही तर मंजुरी देऊ नका, फोन लावून विचारा की काम नेमकं कोणत्या शॉपमध्ये चाललं आहे.